धडधाकट माणसाची तपासणी

आजारी माणसाला डॉक्टरकडे जा म्हणून सांगायला व्याख्यानाची गरज नसते. दुखणेच त्याला घेऊन जाते. परंतु ज्याला काही दुखत नाही, जो पहाटे रापणीवर जातो किंवा जी दिवसभर काजूच्या कारखान्यात बसते, त्यांनी तपासणी करून घ्यावी असे म्हटले, की शिरोड्याच्या कोणत्याही वाडीत एकच उत्तर मिळते : "माका काय झालाहा?" या उत्तराला आम्ही अडाणीपणा म्हणणार नाही. बांबोळीला जाऊन यायचे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते. हातावर पोट असलेल्या माणसाने आधी हिशेब मागावा, हे योग्यच आहे. म्हणून प्रथम हिशेब मांडू.

मोठ्या आतड्याचा कर्करोग बहुधा एकाएकी होत नाही. आतड्याच्या आतील अस्तरावर लहान मांसल गाठी उगवतात. त्यांना डॉक्टर पॉलिप म्हणतात. पुष्कळशा गाठी निरुपद्रवी राहतात. काहींचे मात्र सुमारे दहा वर्षांच्या अवधीत कर्करोगात रूपांतर होते. या काळात माणूस धडधाकट असतो, पण अशा गाठीतून अधूनमधून किंचित रक्त येते. ते डोळ्यांना दिसत नाही. शौचाच्या चिमूटभर नमुन्यात मात्र ते सापडू शकते. जुन्या चाचणीत खाण्यातल्या मांसामुळेही घोटाळा होई. आता वापरात असलेली चाचणी फक्त माणसाचे रक्त ओळखते, त्यामुळे पथ्य लागत नाही. रक्त आढळल्यास दुर्बीण घालून आतडे पाहतात, आणि गाठ दिसली तर बहुधा त्याच वेळी काढून टाकतात. म्हणजे रोग लवकर सापडतो, इतकेच नव्हे. कित्येकदा तो होण्यापूर्वीच टळतो.

हे पारखून घेतलेले आहे. अमेरिकेत मिनेसोटा येथे ५० ते ८० वर्षे वयाच्या ४६,५५१ माणसांवर जुन्या चाचणीचा प्रयोग झाला. १९९३ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांची तपासणी दरसाल होत होती, त्यांच्यात या कर्करोगाने होणारे मृत्यू एकतृतीयांशाने कमी झाले होते.

परंतु चाळणीचे काम काय, हे समजून घेतले पाहिजे. तांदूळ चाळताना चाळणीत अडकलेला प्रत्येक दाणा खडा नसतो. आणि एखादा खडा चाळणीतून निसटतोही. शौचात रक्त सापडले म्हणजे कर्करोगच झाला, असे नाही. ते मूळव्याधीचेही असू शकते. सापडले नाही म्हणजे जन्माची निश्चिंती, असेही नाही. म्हणून ठराविक काळाने चाचणी पुन्हा करावी लागते. आणि ज्याला डोळ्यांनी रक्त दिसते, शौचाची सवय काही आठवडे बदललेली आहे, विनाकारण वजन उतरते आहे किंवा अंगात रक्त कमी झाले आहे, त्याने चाळणीची वाट पाहूच नये. "मूळव्याध असेल" म्हणून झाडपाल्यावर वर्ष घालविण्यापेक्षा त्याने सरळ डॉक्टर गाठावा.

आपल्या देशात हा कर्करोग युरोप-अमेरिकेच्या मानाने कमी आढळतो. २०१६ साली केंद्र सरकारने तिशीनंतरच्या तपासणीची जी योजना आखली, तीत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांचे कर्करोग घेतले. आतड्याचा घेतला नाही. तेव्हा उद्यापासून घरोघर शौचाची चाचणी करा, असे आमचे म्हणणे नाही. ज्यांच्या आईवडिलांना किंवा भावंडांना हा रोग झाला, त्यांनी डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा. पन्नाशी उलटलेल्यांनीही विचारावे. आणि ज्या तीन तपासण्या सरकारी योजनेत आहेत, त्या तरी आपण पदरात पाडून घ्याव्या.

आता खरा प्रश्न : माणसे येणार कशी? याचे उत्तर मुंबईच्या झोपडपट्ट्यांत मिळाले आहे. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ साली तेथे गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तपासणी सुरू केली. दीड लाखाहून अधिक स्त्रिया या प्रयोगात होत्या. त्यांतील निम्म्या वस्त्यांत तपासणी झाली. ती करणाऱ्या बाया दहावीपर्यंत शिकलेल्या, चार आठवडे शिकवून तयार केलेल्या. साधन म्हणजे पातळ ॲसेटिक आम्ल आणि शिकविलेली नजर. बोलाविलेल्यांपैकी ८९ टक्के स्त्रिया आल्या, आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालाप्रमाणे या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. महागडे यंत्र नव्हते. वस्तीत घरोघर जाऊन, समजावून बोलाविणारी बाई होती.

त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे. ज्यांना पक्क्या निदानासाठी पुढे बोलाविले, त्यांपैकी सुमारे ७९ टक्केच गेल्या. पाचांतली एक वाटेत राहिली. आणि तिलाच पुढे जाण्याची सर्वांत अधिक गरज होती! इंग्लंडात ५० ते ७४ वयाच्या लोकांना शौचाची चाचणी दर दोन वर्षांनी टपालाने घरी येते, फुकट येते. तरी पुष्कळजण ती परत पाठवीत नाहीत. सोय घरात आली म्हणून माणूस पुढे येतोच असे नाही. त्याला भीती असते, लाज असते. शौचाची गोष्ट चारचौघांत कोण काढणार?

कामगार संघटनेत आम्ही एक गोष्ट शिकलो. भिंतीवरच्या पत्रकाने सभा भरत नाही. जोडीदार दारात येऊन "चल" म्हणाला, म्हणजे माणूस उठतो. तीच रीत येथे लागू करावी. आशाताई घरी येतात. त्यांच्या हातात वाडीतल्या तिशीवरच्या माणसांची पुरी यादी आहे की नाही, हे मंडळांनी आणि महिला बचत गटांनी पाहावे. बायकांशी बाईने बोलावे, पुरुषांशी त्यांच्या बरोबरीच्या माणसाने. कारखान्यातून तपासणीला जाणाऱ्याचा रोज कापला जाऊ नये, ही मागणी पगाराच्या मागणीइतकीच रास्त आहे आणि ती संघटनेने केली पाहिजे. कोणाच्या तपासणीत काय निघाले, हे त्याच्याखेरीज आणि डॉक्टरखेरीज कोणाच्या कानी जाता कामा नये. एकदा बोभाटा झाला, की पुढच्या वर्षी वाडी येणार नाही.

आणि शिबिराच्या दिवशी किती माणसे आली, यावर समाधान मानू नये. फोटो त्याच दिवशी निघतो. खरे काम दुसऱ्या दिवशी सुरू होते. ज्याला पुढे जायला सांगितले, त्याच्याबरोबर एसटीत कोण बसणार, त्या दिवशी त्याच्या घरची चूल कोण पाहणार, त्याचे नाव शिबिराआधीच ठरलेले असावे.