हातातलं घड्याळ ठोके मोजतं, पण बीपी?



गेल्या दोन महिन्यांत तीन गटांच्या बैठकीत मला एकच प्रश्न आला. "मॅडम, ते ठोके मोजणारं घड्याळ घ्यावं का?" एका गटात तर विक्रेता येऊनही गेला होता. दहा नग एकदम घेतले तर सूट, आणि पैसे गटाच्या अंतर्गत कर्जातून, असा बेत जवळजवळ ठरला होता. ठोके, पावलं, झोप, बीपी आणि शुगरसुद्धा कळते, सुई टोचायची गरजच नाही, असं त्याने सांगितलं होतं.

मी स्वतः असा बँड वर्षभर वापरतेय. त्यामुळे जे बघितलं ते सांगते. आणि माझ्यामुळे एक चूकही झाली, तीही सांगते.

आधी हे घड्याळ चालतं कसं ते बघू. ते उलटं करा. मागे हिरवा दिवा लुकलुकताना दिसेल. हृदयाचा ठोका पडला की मनगटाच्या नसांमध्ये रक्ताची लाट येते. रक्त हिरवा उजेड शोषून घेतं. लाट आली की कमी उजेड परत येतो, ओसरली की जास्त. दिव्याशेजारचा सेन्सर हा चढउतार मोजतो आणि त्यावरून मिनिटाला किती ठोके ते सांगतो. बस, एवढंच. घड्याळाला तुमचं हृदय दिसत नाही, कातडीवरून परतलेला उजेड दिसतो.

म्हणून उजेडाच्या वाटेत काही आलं की हिशेब चुकतो. पट्टा सैल असेल, हात सारखा हलत असेल, थंडीने हात गार पडला असेल, तर आकडा भरकटतो. आपल्या बायकांच्या दोन गोष्टी तर घड्याळ बनवणाऱ्यांच्या ध्यानातही नसाव्यात. एक म्हणजे बांगड्या. घड्याळ मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, कोपराच्या बाजूला बसायला हवं, पण बांगड्या ते खाली ढकलतात. दुसरं म्हणजे गोंदण. मनगटावर गडद गोंदण असेल तर शाईच उजेड शोषून घेते. मग आकडा चुकतो, नाहीतर येतच नाही. अशा वेळी दुसऱ्या हातात घालून बघा.

स्वस्थ बसलं असताना माझा बँड बरा चालतो. बोटांनी मोजले तर ७४ ठोके, बँडवर ७६. पण एका ताईंच्या शेतात खुरपायला बसले तेव्हा तोच बँड एकदा ५८ दाखवायचा, लगेच १४० दाखवायचा. खुरपं धरलेल्या हातात रक्ताची लाट कुठली आणि हाताचा झटका कुठला, हे त्याला कळेना.

पैसे द्यायच्या आधी ही पारख तुम्हीच करा. दहा मिनिटं शांत बसा. अंगठ्याच्या मुळाखाली, मनगटाच्या आतल्या बाजूला दोन बोटं ठेवा. अंगठ्याने मोजू नका, त्याला स्वतःची नाडी असते. ३० सेकंद मोजा, दुप्पट करा. असं तीनदा करा. घड्याळाचा आकडा दर वेळी चार-पाचच्या आत जुळला तर ठीक. मग घड्याळ गुंडाळलेल्या टॉवेलवर बांधा. चांगलं यंत्रही एखाद वेळी तिथे फसतं, पण टॉवेलचे ठोके दर वेळी ऐटीत ७२ दाखवणारं घड्याळ परत द्या.

पावलांची तऱ्हा आणखी गमतीची. घड्याळ पावलं मोजत नाही, हाताचे झोके मोजतं. भाकरी थापताना माझी पावलं वाढली होती! उलट डोक्यावरचा हंडा एका हाताने धरून चाललात, आणि घड्याळ त्याच हातात असेल, तर तुमची कितीतरी पावलं बुडतात. सरळ रस्त्याने मनात मोजत १०० पावलं चाला आणि ताडून बघा.

आणि हो, ॲपमध्ये वय विचारतात. आधारवरची १ जून टाकू नका, अंदाजे का होईना, खरं वय टाका. कष्टाच्या कामात ठोके किती वाढले तर जास्त, हे घड्याळ वयावरूनच ठरवतं.

आता बीपी. दवाखान्यात दंडाला पट्टा बांधून हवा भरतात, नस दाबतात, मग हळूहळू सोडतात. त्या दाबावरूनच बीपी कळतं. ज्या घड्याळाचा पट्टा फुगत नाही, ते उजेडाच्या लाटेवरून फक्त अंदाज करतं. शुगरचं तर बोलायलाच नको. अमेरिकेत वैद्यकीय यंत्रांना मंजुरी देणारं सरकारी खातं, एफडीए, यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीरच केलं की सुई न टोचता शुगर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांनी मंजुरी दिलेली नाही. (दंडावर चिकटवायचा सेन्सर वेगळा, त्याची बारीक तार कातडीत जाते.) चुकीचा आकडा बघून कुणी गोळी किंवा इन्सुलिन कमीजास्त केलं तर जिवावर बेतू शकतं.

माझी चूक ती हीच. माझ्या हातातला बँड बघून एका ताईंनी तसलंच, पण बीपी दाखवणारं घड्याळ घेतलं. मी कौतुक केलं. त्यांचं बीपी आधीपासूनचं, गोळी चालू. घड्याळ रोज ११८ वर ७८ च्या आसपास दाखवायचं, म्हणून त्यांनी तपासणी सोडली आणि नंतर गोळीही. शिबिरात दंडाला पट्टा बांधला तेव्हा १७० वर १०२ निघालं. त्या हसून म्हणाल्या, "मशीन बिघडलंय वाटतं तुमचं." पुन्हा मोजलं, तेच. आता गोळी परत सुरू आहे. घड्याळही हातात आहे, पण वेळ बघायला.

तीस वर्षांपुढच्या प्रत्येकीची बीपी आणि शुगर तपासणी उपकेंद्रात मोफत होते. घड्याळाचा उपयोग एवढाच करा की स्वस्थ बसल्यावरही ठोके रोज १०० च्या वर येत असतील तर बोटांनी मोजून खात्री करा आणि आशाताईंना सांगा. रक्त कमी असलं तरी ठोके वाढतात, आणि आपल्या राज्यात निम्म्याहून जास्त बायकांना रक्त कमी असल्याचं सरकारी पाहणीत आलंय. हिमोग्लोबिन तपासून घ्या.

बाकी किरकोळ. "पाण्यात चालतं" म्हणजे साध्या पाण्यात. धुणं-भांडी करताना काढून ठेवा, साबणाचं पाणी आत साचून मनगटाला पुरळ येतं. ॲप मुलाच्या मोबाईलवर टाकलं तर तुमच्या पाळीच्या नोंदीही तिथेच दिसतील, हे आधी लक्षात घ्या.

ज्या गटाचा दहा नगांचा बेत होता, त्यांनी ठराव थांबवलाय. विक्रेत्याला एकच नग घेऊन पुढच्या बैठकीला बोलावलंय. मी बीपीचं मशीन आणते, तुम्ही टॉवेल आणा.