मालट्रकच्या अपघातांत जखमी झालेला शेतकरी आणि कायद्याचें साह्य

ठाणें जिल्ह्यांतील रस्ते आतां शेतकऱ्यापेक्षां मालवाहतुकीचेच अधिक झाले आहेत. न्हावाशेवा येथील बंदर १९८९ सालीं सुरू झालें, तेव्हांपासून तेथील मालाच्या पेट्या वाहणाऱ्या अवजड गाड्यांची रांग शीळफाटा, मुंब्र्याचें बाह्यवळण, भिवंडीचीं गोदामें व घोडबंदरचा रस्ता या मार्गांनीं वाढतच गेली. मुरबाड, शहापूर व कल्याण या तालुक्यांतील शेतकरी भाजीपाला घेऊन पहांटे कल्याणच्या बाजाराकडे निघतो तो याच गाड्यांच्या गर्दींतून. कोणी टेंपोंत बसून, कोणी दुचाकीस पोतें बांधून. अशा ठिकाणीं टक्कर होऊन कर्ता पुरुष अंथरुणास खिळला, म्हणजे पुढची लावणी कोणी करावी आणि इस्पितळाचे पैसे कोठून आणावेत, हे दोन प्रश्न घरांत एकदम उभे राहतात. या प्रसंगीं कायदा काय देतो, व जें देतो तें शेतकऱ्याच्या हातून कोठें निसटतें, एवढेंच प्रस्तुत लेखांत सांगावयाचें आहे.

मोटार वाहन कायदा, १९८८ अन्वयें रस्त्यावर येणाऱ्या वाहनाचा, त्यापासून दुसऱ्यास होणाऱ्या इजेबद्दल, विमा उतरलेला असणें सक्तीचें आहे. यास त्रयस्थ विमा म्हणतात. म्हणून ट्रकचा चालक गरीब आहे, त्याजकडून काय वसूल होणार, असें म्हणून हातपाय गाळूं नयेत. चालकाचा निष्काळजीपणा शाबीत झाल्यास भरपाईचा बोजा गाडीच्या मालकावर व विमा कंपनीवर पडतो. चालकाजवळ योग्य परवाना नव्हता, ही सबब कंपनी पुष्कळदां पुढें करते. परंतु २००४ सालच्या स्वर्णसिंग प्रकरणापासून, कंपनीनें जखमीस पैसे आधीं द्यावेत व मागाहून मालकाकडून वसूल करावेत, असे हुकूम होत आले आहेत.

मात्र आपण ज्या टेंपोंत बसलों तोच उलटला, किंवा चूक त्याच्याच चालकाची निघाली, तर गोष्ट निराळी होते, आणि येथेंच आपले लोक फार फसतात. १९९४ सालच्या दुरुस्तीनें मालवाहू गाडींतून आपल्या मालाबरोबर जाणाऱ्या धन्यास, अथवा त्यानें नेमलेल्या माणसास, विम्याचें संरक्षण मिळालें. फुकट बसलेल्या उतारूस तें नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें आशाराणी प्रकरणांत २००२ सालीं ठरविलें. पुढें २००७ सालीं चोल्लेटी भारतम्मा प्रकरणांत, मालाच्या धन्यानेंही चालकाच्या कक्षांत बसलेलें असलें पाहिजे, मालावर बसणाऱ्याची जबाबदारी कंपनीवर येत नाहीं, असा निर्णय झाला. तात्पर्य, भेंडीच्या पोत्यांवर पाय पसरून निजलेला शेतकरी आणि पुढें चालकाशेजारीं बसलेला शेतकरी हे दोघेही त्याच मालाचे धनी असले, तरी कायद्याच्या दृष्टीनें सारखे नव्हेत. माल आपलाच होता हें दाखविण्यास वाहतुकीची चिठ्ठी किंवा आडत्याची पावती लागते. दोन रुपयांच्या या कागदाची आपण विडी पेटवितों! लग्नाचें वऱ्हाड टेंपोंत कोंबून नेण्याची चाल तर सर्वस्वीं सोडावी. त्यांत मालकापाशीं कांहीं असेल तेवढेंच वसूल व्हावयाचें.

आतां अपघातानंतरच्या पहिल्या दिवसांविषयीं. ५ मे २०२५ रोजीं केंद्र सरकारनें जाहीर केलेल्या योजनेप्रमाणें रस्त्यावरील अपघातांत जखमी झालेल्यास नेमलेल्या इस्पितळांत सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेंत, रोख न भरतां उपचार मिळूं शकतात. तेव्हां दाखल करतांनाच ही योजना लागूं करावी असें सांगावें. अपघात रस्त्यावरील वाहनानें झाला, ही नोंद इस्पितळाच्या कागदांत पहिल्याच दिवशीं झाली पाहिजे. 'पडून लागलें' असें कोणी घाईंत लिहिलें, तर पुढें कंपनीचा वकील तोच शब्द धरून बसतो. ट्रकचा नंबर, गाड्या जागेवर असतांना काढलेलें छायाचित्र, पाहणाऱ्यांचीं नांवें, व पोलिसांचा पंचनामा हीं जपून ठेवावींत. १ एप्रिल २०२२ पासून अमलांत आलेल्या नियमांनुसार पोलिसांनीं पहिला अहवाल ४८ तासांत व सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे धाडावयाचा असतो. तथापि त्यावर विसंबून स्वस्थ बसूं नये. त्याच तारखेपासून अर्जाला अपघाताच्या दिवसापासून सहा महिन्यांची मुदत पडली आहे. या मुदतीच्या वैधतेस सर्वोच्च न्यायालयांत आव्हान देण्यांत आलें, हें खरें. पण दुसऱ्याच्या आव्हानावर आपला अर्ज टांगून ठेवण्यांत शहाणपण नाहीं. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडील हा अर्ज अपघात जेथें झाला तेथें, अथवा अर्जदार जेथें राहतो तेथें करतां येतो. ट्रक नाशिकचा व मालक गुजराथेंतला असला, तरी आपल्या माणसास ठाण्यापलीकडे जाण्याचें कारण पडत नाहीं.

कलम १६४ खालीं, चूक कोणाची हें शाबीत न करितां, मृत्यूबद्दल पांच लाख व गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये मिळतात. गरजेच्या वेळीं ही रक्कम मोठी वाटते. परंतु ती रीतसर स्वीकारली म्हणजे कलम १६६ खालील मोठा अर्ज संपुष्टांत येतो. सही करण्यापूर्वीं हिशेब करून पाहावा.

हिशेब असा. एक ३८ वर्षांचा भाजीवाला शेतकरी घ्या. त्याची कमाई महिना १५,००० रुपये धरली गेली, म्हणजे वर्षाची १,८०,००० झाली. प्रणय सेठी प्रकरणांतील २०१७ सालच्या निर्णयाप्रमाणें चाळिशीच्या आंतील स्वतंत्र धंदेवाल्यास पुढील वाढीबद्दल शेंकडा ४० मिळवितात; ती २,५२,००० होते. पाय निकामी होऊन त्याची कमाईची शक्ति शेंकडा ४० गेली असें ठरलें, तर वार्षिक तोटा १,००,८०० रुपयांचा. सरला वर्मा प्रकरणांत २००९ सालीं वयाप्रमाणें गुणक ठरवून दिले आहेत. ३६ ते ४० वयास तो १५ आहे. एकूण १५,१२,००० रुपये. उपचारखर्च व वेदनांबद्दलची रक्कम याहून वेगळी. अडीच लाख कोठें आणि हे कोठें!

यांत वाद पडतो तो दोन ठिकाणीं. डॉक्टरच्या दाखल्यावरील टक्के आणि कमाईंतील तुटीचे टक्के एकच नव्हेत. इजेचा त्या माणसाच्या धंद्यावर काय परिणाम झाला तें पाहावें, असें राजकुमार प्रकरणांत २०१० सालीं ठरलें. बैठें काम करणाऱ्याचा पाय आणि चिखलणी करणाऱ्याचा पाय यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे, आणि तें साक्षींत स्पष्ट बोललें पाहिजे. दुसरा वाद शेतीच्या उत्पन्नाचा. जमीन तर कुटुंबापाशींच राहिली, मग तोटा कसला, असें कंपनी म्हणते. जसबीर कौर प्रकरणांत २००३ सालीं न्यायालयानें जमीन राहते हें मान्य केलें, परंतु तिची देखरेख करण्यास आतां माणूस ठेवावा लागेल, हेंही हिशेबांत घेतलें. सबब नुसता सातबारा पुरेसा नाहीं. तो फक्त जमीन दाखवितो. पीकपाहणीची नोंद, बाजार समितींतील विक्रीच्या पावत्या, सोसायटीच्या कर्जाचा उतारा, बँकेचें पुस्तक, आणि अपघातानंतर गडी लावला असल्यास त्याच्या मजुरीच्या नोंदी, हे कागद माणसाचे श्रम दाखवितात. घरांतील बाईस इजा झाली तर 'ती कांहीं कमावत नव्हती' असें आपणच लिहून देतों, हें फार वाईट. घरकामासही पैशांत मोल आहे, असें कीर्ति प्रकरणांत २०२१ सालीं पुनः ठरलें आहे. मग लावणी, खुरपणी करून शिवाय चूल सांभाळणारीचें किती असावें?

ट्रक पळून गेला व सांपडला नाहीं, तर मृत्यूस दोन लाख व गंभीर दुखापतीस ५०,००० रुपये मिळण्याची २०२२ सालची योजना आहे. तिचा अर्ज न्यायालयांत नव्हे, तर दावा चौकशी अधिकारी या नात्यानें प्रांत किंवा तहसीलदार यांच्या कचेरींत चालतो व मंजुरी जिल्हाधिकारी देतात. प्रस्तुत लेखकाचें आयुष्य महसुलाच्या टेबलावर गेलें आहे, त्यावरून सांगतों कीं अर्जाची पोंच आवक क्रमांकासह घेतल्याशिवाय कचेरीबाहेर पडूं नये. महिनाभरांत गाडीचा तपास न लागल्यास पोलिसांनीं जखमीस या योजनेची लेखी माहिती द्यावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०२४ चा आदेश आहे.

राहिला वकिलाचा प्रश्न. अमेरिकेंत अशा दाव्यांचे वकील भरपाईंत हिस्सा ठरवून काम करतात. आपल्याकडे वकिलांच्या नियमांनीं तसा करार मना केला आहे. इस्पितळाच्या दारांत 'इतके टक्के द्या, सर्व करून देतों' म्हणणाऱ्यास कोऱ्या कागदावर सही देऊं नये. विधि सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणें स्त्रिया, मुलें, अपंग, अनुसूचित जाति-जमातींचे लोक, व महाराष्ट्रांत वार्षिक तीन लाखांच्या आंत उत्पन्न असणारे, यांस सरकारखर्चानें वकील मिळतो. ठाणें जिल्हा न्यायालयांत जिल्हा प्राधिकरण आहे, तालुक्याच्या न्यायालयांत समिती असते, आणि १५१०० या क्रमांकावर दूरध्वनीनेंही विचारणा करतां येते. जातांना फिर्यादीची नक्कल, इस्पितळाचे कागद, ओळखपत्र व तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला बरोबर न्यावा. स्त्रियांस व अनुसूचित जाति-जमातींच्या लोकांस हा शेवटला दाखला लागत नाहीं.