सोडा ब्रेड का बिघडतो? पन्हाळ्याची उंची, पातळ ताक आणि संशोधनातला पहिला हिशोब

संशोधनाला सुरुवात करणाऱ्या बऱ्याच जणांचा समज असतो की आधी प्रयोग करायचा, मग विचार. प्रत्यक्षात प्रयोगाला हात लावण्यापूर्वी कागदावर केलेला दहा मिनिटांचा हिशोब पुढचे कित्येक महिने वाचवतो. आज हे आयरिश सोडा ब्रेडच्या उदाहरणातून समजून घेऊ. त्याला यीस्ट लागत नाही, पीठ तासन्‌तास फुगवावं लागत नाही आणि सगळं साहित्य आपल्या स्वयंपाकघरात असतं.

आधी पाककृती

आयर्लंडमध्ये हा ब्रेड १८३०च्या दशकानंतर घरोघरी पोचला. साधारण प्रमाण असं: ४५० ग्रॅम पीठ (निम्मी कणीक, निम्मा मैदा), १ सपाट टीस्पून म्हणजे सुमारे ५ ग्रॅम खाण्याचा सोडा, १ टीस्पून मीठ आणि ३५० ते ४०० मिली 'बटरमिल्क'. कोरडं साहित्य चाळून घ्या, बटरमिल्क ओता आणि जेमतेम गोळा होईल इतकंच हलक्या हाताने मिसळा. मळत बसू नका. वर खोल फुलीसारखी चीर द्या आणि लगेच तापलेल्या ओव्हनमध्ये २०० अंशांवर ४० ते ४५ मिनिटं भाजा. बुडावर टकटक केल्यावर पोकळ आवाज आला की झाला. ओव्हन नसेल तर झाकणाचं जाड बुडाचं भांडं चालेल. जुन्या आयरिश घरांतही ओव्हन नसायचा, बिडाच्या भांड्याच्या झाकणावर निखारे ठेवून भाजायचे. आपल्याकडच्या 'वर-खाली निखारे' पद्धतीसारखंच.

घाई कशासाठी? सोडा आणि आम्ल ओले होऊन एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड लगेच सुटायला लागतो. तुम्ही रेंगाळलात तर ब्रेड फुगवणारा वायू भाजायच्या आधीच निघून जातो.

आता प्रश्न

समजा, हा ब्रेड तुम्ही पन्हाळ्यावर केलात. तो नीट फुगला नाही, आतून पिवळसर झाला आणि चवीला साबणासारखा लागला. कारण काय? पहिलं उत्तर डोक्यात येतं ते उंचीचं. गडावर हवेचा दाब कमी, पाणी लवकर उकळतं, म्हणून बिघडला! ऐकायला एकदम शास्त्रीय वाटतं. पण जरा आकडे मांडून बघू.

पन्हाळ्याची उंची हजार मीटरच्या आत आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा साधारण आठ-दहा टक्क्यांनी कमी आणि पाणी ९७ अंशांच्या आसपास उकळतं. खाली कोल्हापुरात ते ९८च्या जवळपास, म्हणजे फरक एखाद्या अंशाचा. शिवाय दाब कमी असेल तर तेवढाच वायू जास्त जागा व्यापतो, म्हणजे ब्रेड उलट थोडा जास्त फुगायला हवा. आणि साबणाच्या चवीचा खुलासा तर उंचीने होतच नाही.

आता दुसरा संशयित: ताक. शब्दकोशात बटरमिल्क म्हणजे ताक. पण पाककृतीतलं बटरमिल्क दाट आणि आंबट असतं, त्यात सुमारे ०.८ टक्के लॅक्टिक आम्ल धरा. आपलं घरचं ताक म्हणजे एक वाटी दही आणि तीन वाट्या पाणी. दह्यातलं आम्लही तेवढंच धरलं तर ताकात उरलं ०.२ टक्के.

लॅक्टिक आम्लाचा रेणुभार ९०, सोड्याचा ८४ आणि दोघांची अभिक्रिया एकास एक. म्हणून:

- ४०० मिली दाट बटरमिल्क: ३.२ ग्रॅम आम्ल, सुमारे ३ ग्रॅम सोडा वापरला जातो.
- ४०० मिली पातळ ताक: ०.८ ग्रॅम आम्ल, जेमतेम पाऊण ग्रॅम सोडा वापरला जातो.

पहिल्या ब्रेडमध्ये २ ग्रॅम सोडा उरतो. त्यातला काही पिठातल्या सौम्य आम्लामुळे खपतो, उरलेल्याने या ब्रेडला त्याची ओळखीची चव येते. दुसऱ्यात मात्र ४ ग्रॅमहून जास्त उरतो. उष्णतेने त्याचं विघटन होऊन सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडा, तयार होतो. त्यात वायूही आम्लाबरोबर मिळतो त्याच्या निम्माच सुटतो. पिवळा रंग, साबणाची चव, कमी फुगणं ही तिन्ही लक्षणं एकाच कारणातून निघाली. उंचीचा परिणाम दहा टक्क्यांचा, ताकाचा चौपट. कुठून सुरुवात करायची हे सांगायलाच नको.

हिशोब पुरेसा नाही, तपासा

एकाच दिवशी, एकाच पिठाचे, एकाच ओव्हनमध्ये तीन ब्रेड करा.

१. फेटलेलं घट्ट दही.
२. पातळ ताक.
३. पातळ ताक, पण त्यातलं ३० मिली काढून तेवढाच लिंबाचा रस.

तिसरा ब्रेड सगळ्यात महत्त्वाचा. पहिल्या दोघांत आम्लाबरोबर पाण्याचं आणि स्निग्धांशाचं प्रमाणही बदलतं, म्हणजे फरक नेमका कशाने पडला ते सांगता येत नाही. दुसऱ्या-तिसऱ्यात मुख्यतः आम्लच बदलतं. लिंबाने ब्रेड सुधारला तर आम्ल कमी पडत होतं हे पटतं. उंचीचा दोष असता तर लिंबू पिळून गड काही खाली आला नसता!

मोजायचं काय? मधली उंची पट्टीने मोजा. आतल्या भागाचा चुरा पाण्यात कालवून त्यात चिमूटभर हळद टाका. लालसर झाला तर अल्क बराच उरलाय. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो ना, तेच रसायन. चव घेणाऱ्याला कुठला ब्रेड कुठला ते सांगू नका. आणि हे सगळं निदान तीनदा करा, कारण एकदा आलेला निकाल योगायोगही असू शकतो.

प्रयोगशाळेत याचा उपयोग

एखाद्या शोधनिबंधात 'खोलीच्या तापमानाला ठेवा' असं लिहिलेलं असतं. डब्लिनमधली खोली आणि मे महिन्यातली कोल्हापूरची खोली एक नव्हे. शब्द तोच, पदार्थ किंवा परिस्थिती वेगळी, हाच बटरमिल्क आणि ताकाचा घोळ. म्हणून दुसऱ्याची कृती वापरताना प्रत्येक शब्दासमोर आकडा लिहा: किती टक्के, किती अंश, किती वेळ. मग संभाव्य कारणांची यादी करून प्रत्येकाचा परिणाम अंदाजे किती मोठा ते काढा आणि सगळ्यात मोठ्यापासून सुरुवात करा. पीएच.डी.च्या मुलाखतीत 'तुमचा प्रयोग चालला नाही तर काय कराल?' असं विचारलं, तर हेच उत्तर द्या.