सिनेमातला सखाराम आणि निकितीनचे बीदर

बीदरचा विषय निघाला की कुणीतरी ‘परदेसी’चे नाव काढतेच. अफानासी निकितीन या त्वेर शहरच्या रशियन व्यापाऱ्याच्या दख्खन प्रवासावर हा चित्रपट १९५७ साली आला. मॉस्कोचा मोसफिल्म स्टुडिओ आणि ख्वाजा अहमद अब्बास यांची ‘नया संसार’ यांनी तो मिळून काढला. दिग्दर्शक दोन, वासिली प्रोनिन आणि अब्बास. आवृत्त्याही दोन, रशियन आणि हिंदी. ओलेग स्त्रिझेनोव्ह निकितीन झाले, पृथ्वीराज कपूर महमूद गवान, नर्गिस चंपा आणि बलराज साहनी सखाराम.

काळही ध्यानात घ्यावा. ‘आवारा’ रशियात तुफान चालला होता, १९५५ मध्ये ख्रुश्चेव्ह भारतात येऊन गेले होते. दोन देशांची मैत्री जुनी आहे हे दाखवायला निकितीनसारखा माणूस दुसरा कुठला मिळणार? म्हणून पडद्यावर प्रेम आहे, गाणी आहेत.

पण निकितीनने स्वतः लिहून ठेवलेली टिपणे वाचली की सूर बदलतो. रशियन चित्रपटाचे ‘तीन समुद्रांपलीकडचा प्रवास’ हे नाव त्या टिपणांचेच. १४७० च्या आगेमागे तो चौलला उतरला आणि पाली, जुन्नरमार्गे बीदरला आला. विकायला एक घोडा आणला होता. तो जुन्नरच्या असदखानाने काढून घेतला आणि धर्म बदल, नाहीतर घोडा विसर, असे बजावले. खुरासानच्या एका माणसाने रदबदली केली तेव्हा कुठे सुटका झाली. इथला माल आमच्या देशाच्या कामाचा नाही, जकात भारी, समुद्रात चाचे, असा त्याचा त्रागा आहे. चंपा तिथे कुठेच नाही.

सखारामही नाही. तरीही तो मला अगदीच खोटा वाटत नाही. बीदरमध्ये निकितीन ‘खोजा युसुफ खुरासानी’ या नावाने वावरत होता. आपण मुसलमान नसून ख्रिस्ती आहोत हे त्याने तिथल्या हिंदूंना सांगितले, आणि मग त्यांनी आपले जेवणखाण, व्यापार, पूजाअर्चा त्याच्यापासून लपवली नाही, असे तो लिहितो. त्यांची नावे मात्र त्याने दिली नाहीत. सिनेमावाल्यांनी त्या बिननावाच्या माणसांना एक मराठी वळणाचे नाव दिले, इतकेच.

तेव्हा ‘परदेसी’ जरूर पाहावा, पण बीदरचा पुरावा म्हणून दाखवू नये. पुरावा टिपणांत आहे. सुलतानाच्या वाड्याला सात दरवाजे, प्रत्येकावर शंभर पहारेकरी आणि शंभर हिंदू लेखनिक, आतबाहेर जाणाऱ्यांची नोंद ठेवणारे, असे निकितीन सांगतो. आकडे फुगवलेले असतील. पण बहमनी दरवाज्यावर लेखणी कुणाच्या हाती होती, हे एका परक्याने पाहून लिहिले आहे. आपल्या कामाचे आहे ते हे.