पाला पडला तेव्हा

आमची आजी रत्नागिरीकडून ग्वाल्हेरच्या लष्करात सून म्हणून आली. शेजारीण "रात को पाला पड़ा" म्हणाली की आजी अंगणात गळलेली पाने शोधू लागे! हिंदीतला पाला म्हणजे गोठलेले दव, हे तिला पुढे कळले. 1810 साली दौलतराव शिंद्यांचा तळ येथे पडला, त्यामागून आपली मंडळी वृंदावने घेऊन रुजली. कोकणची हवा मात्र बरोबर आणता आली नाही. येथे जानेवारीत पारा चार-पाच अंशांवर येतो.

निरभ्र रात्री जमिनीची ऊब सरळ आकाशात निघून जाते, ढगाळ रात्री ती अडते. तेव्हा चांदण्या ठळक दिसल्या की कुंड्या गच्चीवरून ओसरीत घ्याव्यात, त्याही थंड फरशीवर नव्हे, विटांवर. मी एका पौषात शहाणपणा केला. तुळशीला संध्याकाळी भरपूर पाणी घातले आणि वर प्लास्टिकची पिशवी चढवली. सकाळी पिशवीला टेकलेली पाने काळी पडली होती. मुळेही गारठली असावीत, कारण आठवड्यात तुळस गेली. आता चार काठ्यांवर जुने धोतर टाकतो, पानांना न टेकेल असे. सूर्यास्तापूर्वी घालतो, ऊन आले की काढतो. पाणी सकाळी दहानंतर, तेही वरची माती सुकली असेल तरच. पिकलेल्या मंजिऱ्या खुडून ठेवतो. फाल्गुनात बी पेरता येते, म्हणजे वृंदावन रिकामे राहत नाही.

अळवाची फारशी काळजी नको. पाने जळाली तरी कंद मातीत निजलेला असतो.

जीव लागला होता तो कढीलिंबाला. आजीने माहेरच्या परसातून आणलेला तो फुटवा ती गेल्यावर माझ्याकडे आला, आणि त्याच हिवाळ्यात त्याचे एकूण एक पान गळाले. या खेपेस पाला पडला तो आजीच्या अर्थाने! मी उपटायला हात घातला, तोच शेजारच्या काकूंनी थांबवले आणि नखाने साल जराशी खरवडली. आत हिरवी होती. थंडीत कढीलिंब नुसता झोपतो, म्हणाल्या. होळीपर्यंत कात्री लावू नका आणि पाणी बेताने द्या.

फाल्गुनात बुंध्याशी कोंब दिसले. पाडव्याच्या कटाच्या आमटीला त्याचीच चार पाने होती.