सोनेगावची धावपट्टी मे महिन्यात वर चढते

नागपूरच्या सोनेगाव विमानतळाची उंची समुद्रसपाटीपासून १,०३३ फूट. नकाशात तीच छापलेली असते आणि धावपट्टीही जागची हलत नाही. तरी मे अखेरच्या नवतपातल्या भर दुपारी, पारा ४५ अंशांवर असताना, तिथे उभ्या असलेल्या लहान विमानाचे पंख आणि इंजिन वागतात ते साडेचार-पाच हजार फुटांवर असल्यासारखे. म्हणजे चिखलदरा केव्हाच खाली राहिलं, धावपट्टी महाबळेश्वरच्या उंचीला जाऊन पोचली! डिसेंबरातल्या पहाटे, १० अंशांच्या थंडीत, हीच पट्टी आपल्या खऱ्या उंचीच्याही खाली उतरते.

वैमानिक या आभासी उंचीला डेन्सिटी अल्टिट्यूड म्हणतात. तापलेली हवा फुगते, तेवढ्याच जागेत तिचे रेणू कमी मावतात. समुद्रसपाटीवर १५ अंशांत एक घनमीटर हवा १,२२५ ग्रॅम भरते; मे महिन्यातल्या दुपारी नागपुरात जेमतेम १,०७० ग्रॅम. हे दीडशे ग्रॅम डोळ्यांना दिसत नाहीत, कातडीला कळत नाहीत. पण इंजिनाला जाळायला हवा कमी मिळते, प्रोपेलरला मागे ढकलायला कमी मिळते आणि पंखांना टेकायलाही कमी. एकाच वेळी तिन्हीकडून तूट.

राज्य सरकारच्या नागपूर फ्लाइंग क्लबमध्ये ज्या सेसना १५२ वर कित्येक जण विमान चालवायला शिकले, तिच्या पुस्तिकेतला उड्डाणाचा तक्ता मला फार बोलका वाटतो. पूर्ण वजनाचं हे दोन आसनी विमान समुद्रसपाटीवर १५ अंशांत सुमारे ७२५ फूट धावून जमीन सोडतं. हजार फूट उंचीवर, ४० अंशांत, त्याला साडेनऊशेच्या वर फूट लागतात. आणि तक्त्यातला शेवटचा रकाना ४० अंशांचाच! नागपूरचा मे महिना त्या रकान्याच्या पलीकडे सुरू होतो.

सोनेगावची ३,२०० मीटरची पट्टी लहान विमानाची ही वाढीव धाव सहज पोटात घालते. खरी गाठ पडते ती आखूड पट्टीवर, पुढे झाडं किंवा तारा असताना. जमिनीलगत पंखांवरची ओढ कमी असते, त्यामुळे विमान चाकं उचलतं. पण थोडं वर गेलं की हा फायदा संपतो आणि चढणं थांबतं. झाडं जवळ येताना दिसतात आणि हात आपोआप दांडा मागे ओढतो, नाक वर काढायला. तिथेच घात होतो. वेग आणखी घटतो, पंखांवरचा प्रवाह तुटतो आणि विमान कोसळतं. तपास अहवालात याची नोंद वैमानिकाची चूक अशी होते, आणि ते खरंही आहे. पण ती चूक तासभर आधी, जमिनीवर, तक्ता न उघडता झालेली असते.

उतरताना तर याहून विलक्षण गोष्ट घडते. वेगदर्शक काटा जमिनीच्या हिशेबाने वेग मोजत नाही, समोरून येणाऱ्या हवेचा दाब मोजतो. नागपूरच्या तापल्या दुपारी काट्यावर ५५ नॉट दिसत असतात तेव्हा विमान हवेतून खरं तर ५९ नॉटने जात असतं. खालची जमीन नेहमीपेक्षा जोरात मागे पळते. डोळे म्हणतात, वेग जास्त झाला, कमी कर. काटा म्हणतो, ठीक आहे. ऐकायचं काट्याचं, कारण विरळ हवा पंखांना जेवढी लागते तेवढीच त्यालाही लागते. डोळ्यांचं ऐकून वेग कमी केला, तर उतरता उतरता पंख हवा सोडतात.

म्हणून उन्हाळ्यात शहाणे वैमानिक पहाटे उडतात, टाकीत गरजेपुरतंच इंधन घेतात आणि धावायला लागण्यापूर्वीच एक आकडा ठरवून ठेवतात: अर्धी पट्टी संपेपर्यंत उड्डाणाच्या वेगाचे ७० टक्के गाठले नाहीत, तर इंजिन मंद करून थांबायचं. धावता धावता विचार करायचा नाही. त्या क्षणी माणसाला उडायचंच असतं.

पावसाळ्यात पारा उतरतो आणि हवा दुसराच खेळ मांडते. ऑगस्टमध्ये बाहेर २५ अंश असताना इंजिनाच्या कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरू शकतो! अरुंद नळीतून हवा वेगाने जाते, पेट्रोलची वाफ होते, आणि या दोन्हींमुळे तिथलं तापमान तीस-तीस अंशांनीसुद्धा पडू शकतं. दमट हवेतलं पाणी तिथेच गोठतं आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. उपाय एका खुंटीत आहे. ती ओढली की गरम हवा आत जाते. मात्र बर्फ वितळून पाणी आत गेलं की इंजिन आधी जास्तच खडखडतं. घाबरून खुंटी परत ढकलणारा वैमानिक बरं होत आलेलं इंजिन पुन्हा गोठवतो. खडखडाट सोसायचा, एवढंच त्याच्या हाती असतं.

आणि ढग. क्षितिज दिसेनासं झालं की कानातल्या तोल राखणाऱ्या नलिका बिनदिक्कत खोटं सांगू लागतात. विमान हळूहळू कलून गोल फिरत असलं, तरी आपण सरळ चाललोय असंच वाटतं. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात, नुसत्या उपकरणांवर विमान चालवण्याचा अनुभव नसलेल्या २० जणांवर हा प्रयोग झाला. बाहेरचं दिसणं बंद करताच वीसही जणांचा ताबा गेला; सरासरी १७८ सेकंदांत, म्हणजे तीन मिनिटंसुद्धा नाहीत. मग त्यांना एक साधी पद्धत शिकवली: दांड्याशी झटापट नको, उपकरणांवर नजर ठेवून हलकेच १८० अंश वळायचं आणि ज्या मोकळ्या आकाशातून आलो तिकडेच परत जायचं. त्याच वीस जणांनी पुढे ६० वेळा हे करून पाहिलं. ५९ वेळा ते सुखरूप बाहेर आले.