कृत्रिम बुद्धिमत्ता आणि कार्यक्षमतेचा अपूर्णांक



आजचा विषय संयोजकांनी दिलेला आहे: कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे उद्योगांची कार्यक्षमता कशी वाढते आहे. त्यांचा फोन आला तेव्हा आम्ही म्हटलं, अहो, आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं. कारखाना आम्ही फाटकाबाहेरूनच पाहिलाय. ते म्हणाले, ‘सर, म्हणूनच बोलावतोय.’ तेव्हा यंत्राच्या पोटातलं गणित शिकवण्याचा आव आम्ही आणणार नाही. पण ‘कार्यक्षमता’ हा शब्द आपण सगळेच वापरतो, आणि शब्दांची उलटतपासणी करणं हा आमचा जुना धंदा आहे.

आधी एक घरगुती गोष्ट. मागच्या महिन्यात आम्हाला पेन्शनच्या खात्यातली एक नोंद दुरुस्त करून घ्यायची होती. बँकेला फोन लावला. पहिल्याच घंटीला उत्तर. गोड आवाज, स्वच्छ मराठी; फक्त पलीकडे माणूस नव्हता. पाऊण तास आम्ही आमची अडचण निरनिराळ्या शब्दांत सांगत होतो आणि तो आवाज दर वेळी आम्हाला खात्यातली शिल्लक सांगत होता. (हशा) शेवटी रिक्षा करून शाखेत गेलो. खिडकीवरच्या मुलीनं चार मिनिटांत काम करून दिलं. आता बघा, बँकेच्या दफ्तरी काय नोंद झाली असेल? फोन ताबडतोब उचलला गेला, कर्मचाऱ्याचा वेळ गेला नाही. म्हणजे कार्यक्षमता वाढली! आमचा पाऊण तास आणि रिक्षाचं भाडं मात्र कुठल्याच वहीत चढलं नाही.

कार्यक्षमता म्हणजे शाळेत शिकलेला अपूर्णांकच असतो. वर अंश, म्हणजे किती काम झालं. खाली छेद, म्हणजे त्यासाठी किती वेळ, वीज, पैसा, श्रम लागले. अंश वाढला किंवा छेद घटला की कार्यक्षमता वाढली. पण अंशात काय मोजायचं आणि छेदात कोणाचा वेळ धरायचा, हे गणित आपल्याला सांगत नाही. ते कोणीतरी आधी ठरवलेलं असतं. हे डोक्यात ठेवून आपण तीन उदाहरणं पाहू.

पहिलं गूगलच्या डेटा सेंटरचं. तिथे हजारो संगणक रात्रंदिवस तापत असतात. त्यांना थंड ठेवायला पंप, शीतयंत्रं, कूलिंग टॉवर लागतात. बाहेरचं हवामान बदलतं, आतला भार बदलतो, आणि एका ठिकाणी फेरफार केला की त्याचा परिणाम दुसरीकडे होतो. इतक्या शक्यता एका इंजिनिअरच्या डोक्यात मावत नाहीत. गूगलच्याच डीपमाइंड या कंपनीनं तिथल्या हजारो सेन्सरच्या जुन्या नोंदी एका प्रणालीला शिकवल्या. अमुक बदल केला तर पुढे किती वीज लागेल, याचा अंदाज ती बांधू लागली. २०१६ साली कंपनीनं जाहीर केलं, की थंडाव्यासाठी लागणारी वीज ४० टक्क्यांपर्यंत कमी झाली. इथे अंश स्पष्ट आहे, छेद स्पष्ट आहे. वीज वाचली, यात कोणाचं काही हिरावलं गेलं नाही.

तरी एक पुस्ती जोडायला हवी. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानं १८६५ साली कोळशावर एक पुस्तक लिहिलं. वाफेची इंजिनं सुधारली, तेवढ्याच कामाला कमी कोळसा लागू लागला; मग कोळशाचा खप घटायला हवा. पण इंग्लंडमध्ये तो वाढला! कारण इंजिन चालवणं स्वस्त झालं, म्हणून ती जास्त ठिकाणी बसली. आजही तेच घडताना दिसतं. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबानं २०२४ मध्ये जगातली सुमारे दीड टक्का वीज डेटा सेंटरांनी वापरली, आणि २०३० पर्यंत हा वापर दुपटीहून अधिक होईल असा तिचा अंदाज आहे. एकेका कामाची वीज वाचते, पण कामंच इतकी वाढतात की बिल चढतच राहतं.

दुसरं उदाहरण स्वीडनचं. तिथे स्तनांच्या कर्करोगासाठी स्त्रियांची नियमित क्ष-किरण तपासणी होते. प्रत्येक तपासणीची चित्रं दोन डॉक्टर स्वतंत्रपणे पाहत, कारण एकाच्या नजरेतून निसटलेलं दुसऱ्याला दिसावं. पद्धत चांगली, पण असे तज्ज्ञ कमी. म्हणून २०२१ पासून ८० हजारांहून अधिक स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटात जुनी पद्धत. दुसऱ्यात आधी यंत्र प्रत्येक तपासणीला १ ते १० असा धोक्याचा अंक देई. अंक १० आला तर दोन डॉक्टर पाहणार, त्याखाली आला तर एक. २०२३ मध्ये पहिले निष्कर्ष प्रसिद्ध झाले. डॉक्टरांचं वाचनाचं काम ४४ टक्क्यांनी घटलं. आणि कर्करोग सापडण्याचं प्रमाण? जुन्या पद्धतीत हजारी सुमारे ५, नव्या पद्धतीत सुमारे ६. उगाच घाबरवून परत बोलावण्याचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच राहिलं.

आता हा अपूर्णांक कसा मांडला होता ते पाहा. ‘डॉक्टरांचे तास वाचवा’ एवढंच ठरवलं असतं, तर कमी अंकाची चित्रं कोणी न बघताच बाजूला टाकता आली असती. तास आणखी वाचले असते. पण प्रत्येक बाईचं चित्र निदान एका माणसानं पाहायचंच, ही अट त्यांनी आधी घातली. अंशात ‘किती चित्रं उरकली’ याबरोबर ‘किती आजार सापडले’ हेही ठेवलं. हे यंत्रानं ठरवलं नाही, माणसांनी ठरवलं. वाचलेल्या तासांचं काय करायचं, हेही माणसांनाच ठरवायचं आहे. ते डॉक्टर रुग्णाशेजारी बसतील, की पुढच्या वर्षी त्यांची पदंच भरली जाणार नाहीत?

तिसरं उदाहरण ग्राहकांच्या तक्रारी सोडवणाऱ्या कर्मचाऱ्यांचं. अमेरिकेतल्या अर्थतज्ज्ञांनी अशा पाच हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला आणि २०२३ मध्ये तो मांडला. ग्राहकाशी लेखी संवाद चालू असताना यंत्र कर्मचाऱ्याला ‘असं उत्तर द्या’ म्हणून सुचवतं. तासाला सुटणाऱ्या तक्रारी सरासरी १४ टक्क्यांनी वाढल्या. पण खरी गंमत पुढे आहे. नवख्यांचं काम सुमारे एक तृतीयांशानं वाढलं, मुरलेल्यांचं जवळजवळ जैसे थे. कारण यंत्र शिकलं होतं ते त्या मुरलेल्यांच्याच संभाषणांतून! वर्षानुवर्षं लोकांचा राग झेलून त्यांनी जे कसब कमावलं, ते रातोरात सगळ्यांच्या हाती गेलं. नवख्याचं भलं झालं, ग्राहकाचं झालं, कंपनीचं झालं. ज्याच्याकडून विद्या घेतली त्याचा वाटा किती? गुरुदक्षिणेची कल्पना सांगणाऱ्या आपल्या समाजाला हा प्रश्न अवघड वाटू नये.

न्यायदर्शनात सोळा पदार्थ सांगितले आहेत. त्यात चौथा पदार्थ ‘प्रयोजन’. ज्याच्यासाठी माणूस कृतीला लागतो ते प्रयोजन. कार्यक्षमता हे प्रयोजन नव्हे. ती प्रयोजनाकडे जाणारी वाट सोपी करते, इतकंच. म्हणून ‘आमची कार्यक्षमता तीस टक्क्यांनी वाढली’ असं कोणी सांगितलं, की आपण विचारावं: वर काय मोजलंत? खाली कोणाचा वेळ धरलात, आणि कोणाचा धरायचा राहिला? जे वाचलं ते कोणाच्या पदरात पडलं? अपूर्णांक सोडवायला यंत्र आपल्याहून हुशार आहे. तो मांडण्याची जबाबदारी आपली आहे.

प्रश्नोत्तरांत एका बाईंनी विचारलं, ‘सर, माझा मुलगा अशाच कॉल सेंटरमध्ये आठ वर्षं आहे. त्याला मी घरी जाऊन काय सांगू?’

ताई, नोकरी टिकेल असा शब्द आम्ही देऊ शकत नाही. तसा शब्द देणाऱ्यावर विश्वासही ठेवू नका. पण त्याला एवढं जरूर सांगा, की ते यंत्र हुशार वाटत असेल तर त्या हुशारीत त्याच्यासारख्यांच्या आठ वर्षांचा हिस्सा आहे. तो हिस्सा मागायला एकट्यानं जाऊन भागणार नाही, बरोबरच्या सगळ्यांनी मिळून जावं लागेल. आणि मागताना ओशाळण्याचं काहीच कारण नाही.

इथेच थांबतो.